माथ्यावरून जाणारा उजेड : प्रस्तावना

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी. नागपुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळला. गच्च्यांवर सतरंज्या पडल्या, दूध आटायला ठेवले गेले आणि जिथे ढगांनी जागा दिली तिथे पूर्वेकडून वर येणाऱ्या चंद्राकडे सगळ्यांच्या नजरा लागल्या. ६ वाजून ४७ मिनिटांनी या बसलेल्या माणसांच्या जवळजवळ थेट डोक्यावरून गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर आदळू लागला. गरुड आणि हंस यांच्या मधल्या चिमुकल्या शर तारकासमूहाच्या दिशेने तो येत होता. अशा स्फोटांच्या नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका प्रखर स्फोट माणसाने पाहिलेला नाही, आणि अभ्यासकांच्या हिशेबाने असा स्फोट दहा हजार वर्षांतून एखाद्या वेळी पृथ्वीच्या वाट्याला येतो. त्या क्षणी पृथ्वीवरचा जो बिंदू त्याच्या नेमका खाली होता तो अरबी समुद्रात होता, डहाणूच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर. नागपूरच्या खस्वस्तिकापासून, म्हणजे आकाशातल्या थेट माथ्यावरच्या बिंदूपासून, स्फोट जेमतेम आठ अंश कललेला होता. म्हणजे महाराष्ट्र त्या रात्री अगदी झोताखाली बसला होता.

हा लोंढा डोळ्यांना दिसणारा नव्हता आणि वातावरण गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून आपल्याला काही कळले नाही. वातावरणाच्या वरच्या थराला मात्र कळले. आयनांबर काही तास विस्कटलेले राहिले आणि भारतात विजांची नोंद करणाऱ्या यंत्रणांनीही काहीतरी घडल्याचे टिपले. १९० कोटी वर्षे प्रवास करून आलेल्या किरणांनी आपल्या डोक्यावरची हवा हलवली, हे मला आजही पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावे लागते.

या स्फोटाचे नाव जीआरबी २२१००९ए. जीआरबी म्हणजे गॅमा रे बर्स्ट, पुढे वर्ष, महिना, दिवस, असे सरळ नाव. फर्मी या उपग्रहाला तो पहिल्या क्षणीच दिसला होता. स्विफ्ट या उपग्रहाने ७ वाजून ४० मिनिटांनी त्याची जागा नेमकी धरली, तेव्हा आधी तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा क्ष-किरण तारा असावा असे वाटले, कारण तो आकाशगंगेच्या पट्ट्याला चिकटून होता. मग दोन्ही नोंदींची सांगड बसली आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. गॅमा किरणांचा पूर तोवर केव्हाच ओसरला होता. मागे उरला होता एक मंद, रोज विझत जाणारा प्रकाशबिंदू. खगोलशास्त्रज्ञ त्याला आफ्टरग्लो म्हणतात, मराठीत उत्तरदीप्ती. हे पुस्तक या उत्तरदीप्तीबद्दल आहे. ती आपल्या गच्चीवरून, आपल्याच दुर्बिणीने टिपता येते, एवढे वाचकाला पटवणे हा त्याचा हेतू.

स्फोटांची कथा सुरू झाली ती शीतयुद्धात. १९६३ च्या करारानुसार अवकाशात अणुचाचण्या करायला बंदी होती. ती कोणी चोरून मोडते आहे का हे पाहायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा एक झटका दिसला, पण तो अणुबॉम्बच्या झटक्यासारखा नव्हता. पुढे असे आणखी सापडले आणि १९७३ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ पाव शतक खगोलशास्त्रातले हे एक लाजिरवाणे कोडे होते. स्फोट होतात एवढे कळे, पण ते सौरमालेच्या कडेला होतात, आपल्या आकाशगंगेत होतात की विश्वाच्या पार टोकाला, हे सांगता येत नसे. १९९५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांचा यावर जाहीर वाद झाला. पाचिन्स्की म्हणत होते, फार दूर. लॅम्ब म्हणत होते, आकाशगंगेच्या आसपास. अडचण अशी होती की गॅमा किरणांवरून दिशा ढोबळच कळते आणि अंतर तर कळतच नाही. अंतर कळायला डोळ्यांना दिसणारा प्रकाश हवा, त्याचा वर्णपट हवा. तो कोणाला सापडत नव्हता.

२८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटात तो सापडला. इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेपोसॅक्स उपग्रहाने जागा सांगितली आणि यान व्हान पाराडाइस यांच्या चमूला तिथे मावळत जाणारा एक ठिपका मिळाला. अंतराचा निकाल मात्र दहा आठवड्यांनी लागला, ८ मे १९९७ च्या स्फोटावर, आणि त्या निकालात कुरुंदवाडला जन्मलेल्या एका माणसाचा हात होता. श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६, शाळा हुबळीला, पुढे दिल्लीची आयआयटी, मग अमेरिका. कॅल्टेकमधल्या त्यांच्या चमूने हवाईच्या मौना केआ डोंगरावरच्या केक दुर्बिणीने या उत्तरदीप्तीचा वर्णपट घेतला. वाटेतल्या वायूने त्यात उमटवलेल्या काळ्या रेघा मोजल्या आणि त्यांच्या सरकण्यावरून अंतर काढले. प्रकाश सुमारे ७०० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. पाचिन्स्की बरोबर होते. २०२४ चा शॉ पुरस्कार कुलकर्णींना मिळाला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्या नातलगांची बरीच चर्चा झाली. त्या मे महिन्यातल्या वर्णपटाची तेवढी झाली असती तर मला अधिक आनंद झाला असता.

अंतर कळल्यावर नवाच पेच उभा राहिला. इतक्या लांबून एवढा उजेड येतो तर मुळात केवढा असेल? सगळ्या दिशांना सारखा पसरला असे धरले तर हिशेब अशक्य कोटीत जातो. उत्तर असे निघाले की तो सगळ्या दिशांना पसरत नाही. अवाढव्य ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनते, त्याच्या दोन्ही ध्रुवांकडून अरुंद झोत निघतात आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने तारा फोडून बाहेर पडतात. रात्री शेतात ओलीत करणाऱ्या माणसाच्या हातातली बॅटरी लांबून मंदच दिसते, पण तिचा झोत नेमका आपल्या डोळ्यांवर आला की डोळे दिपतात, तसे हे आहे. आपल्याकडे रोख असलेले झोतच आपल्याला दिसतात, बाकीचे कितीतरी पट अधिक स्फोट आपल्याला न कळता होऊन जातात. हे झाले दोन सेकंदांहून अधिक टिकणाऱ्या स्फोटांचे. आखूड स्फोटांमागे बहुतेक वेळा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळलेले असतात. झोत पुढे सरकत आजूबाजूच्या विरळ वायूवर आपटतो, तिथे धक्का-लाट तयार होते आणि तिच्यातले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत सगळ्या लहरींत उजळतात. ही उत्तरदीप्ती.

निरीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिचे विझणे. साधारण नियम असा की वेळ दसपट झाला की तेज पंधरा-सोळाव्या हिश्शावर येते. स्फोटानंतर सहा मिनिटांनी जे तेज होते ते तासाभराने सोळाव्या हिश्शावर, दहा तासांनी अडीचशेव्या हिश्शावर. म्हणून पहिल्या तासातले एक मिनिट दुसऱ्या रात्रीच्या अख्ख्या तासापेक्षा मोलाचे असते. ग्रहण चुकले तर पुढचे कधी आहे ते पंचांगात पाहता येते आणि धूमकेतू आठवडाभर थांबतो. उत्तरदीप्तीचा जो तास कोणीच टिपला नाही तो जगातल्या कुठल्याच दुर्बिणीला पुन्हा मिळत नाही. या एका गोष्टीमुळे लहान दुर्बीण आणि तिचे ठिकाण यांना किंमत येते, आणि नागपूर ७९ रेखांशावर आहे या साध्या भूगोलालाही.

ती किंमत केवढी असू शकते हे पाहायला २९ मार्च २००३ ची संध्याकाळ घ्यावी. शनिवार होता, गुढीपाडवा चार दिवसांवर होता आणि चंद्र पहाटे उगवणारा, म्हणजे रात्र काळीभोर. त्या दिवशी आपल्या वेळेने ५ वाजून ७ मिनिटांनी हेटे-२ या उपग्रहाला सिंह राशीत स्फोट दिसला. जागा काढायला तेव्हा वेळ लागे. ७३ मिनिटांनी, म्हणजे ६.२० ला, तिचे आकडे जगभर गेले. नागपुरात सूर्य मावळतच होता. ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये आधीच अंधार पडलेला होता, त्यामुळे पहिली दीप्ती तिकडच्या निरीक्षकांनी पकडली. आपल्याकडे साडेसातला पुरेसा अंधार झाला तेव्हा तो ठिपका पूर्वेला चांगला वर आलेला होता आणि त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, १३ च्या आसपास होती; हा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. दहा-बारा इंची दुर्बिणीतून, शहराबाहेरच्या आकाशात, डोळा लावून दिसण्याच्या हद्दीतली ही प्रत आहे. आणि रात्री साडेदहाला तो नागपूरच्या बरोबर माथ्यावर आला. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, २१ अंश ३१ कला, नागपूरचा अक्षांश २१ अंश ९ कला. अर्धा अंशसुद्धा फरक नाही. माथ्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या सर्वात पातळ थरातून येतो. २०० कोटी वर्षांपूर्वीचा तो उजेड पाहायला पृथ्वीवर त्या घटकेला याहून चांगली जागा क्वचितच असेल.

पुढच्या दोनेक आठवड्यांत त्याच ठिपक्याच्या वर्णपटात महाविस्फोटी ताऱ्याच्या खुणा उमटल्या आणि लांब स्फोट मोठ्या ताऱ्यांच्या मृत्यूतून होतात हे पक्के झाले. आजच्या पाठ्यपुस्तकात ही एक ओळ असते. तिच्यामागचे पहिल्या रात्रीचे आलेख पृथ्वी फिरेल तशा एका रेखांशाने दुसऱ्याच्या हाती देत नेलेल्या मोजमापांनी भरलेले आहेत. भारतातून नैनितालच्या दुर्बिणीने या स्फोटाचा पाठलाग केला आणि पुढे नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीने त्याचा रेडिओ प्रकाश दीर्घकाळ मोजला. २००३ साली अशी सूचना नागपुरात कोणाला मिळायची तर ईमेल उघडायला सायबर कॅफे गाठावा लागे. आज ती खिशातल्या फोनवर काही सेकंदांत येते. कॅमेरे स्वस्त झाले, दुर्बिणी संगणकाने वळू लागल्या. त्या रात्री जे जमणे अवघड होते ते आज अवघड राहिलेले नाही.

यात हौशी माणसाचे काय काम, असे अजूनही विचारले जाते, म्हणून दोन नोंदी देतो. सप्टेंबर २००० मध्ये फिनलंडमधल्या न्यूरोला वेधशाळेच्या हौशी निरीक्षकांनी जीआरबी ०००९२६ ची उत्तरदीप्ती टिपली. जुलै २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ बर्टो मोनार्ड यांनी आपल्या खाजगी दुर्बिणीने जीआरबी ०३०७२५ ची उत्तरदीप्ती शोधून काढली. कोणी दाखवलेला ठिपका त्यांनी मोजला असे नाही, तो सापडलाच त्यांना. हौशी निरीक्षकाने उत्तरदीप्ती स्वतः शोधल्याची ती पहिली नोंद. चंचल, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली जुनी संघटना एएव्हीएसओ हिने हौशी लोकांसाठी असे जाळेच उभारले. आणि कोजागिरीच्या त्या महास्फोटावर ग्रँडमा या आंतरराष्ट्रीय गटाने जो शोधनिबंध लिहिला, त्यात त्यांच्या किलोनोव्हा-कॅचर उपक्रमातल्या हौशी निरीक्षकांच्या प्रतिमांची मोजमापे व्यावसायिक वेधशाळांच्या शेजारी बसली आहेत.

विदर्भाला तर हे नवीन नाही. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशींच्या संस्थेची तुकडी वऱ्हाडात तळणीला उतरली होती. पुलगाव आणि धामणगावच्या मधले हे स्टेशन. नागपूरहून बडनेऱ्याकडे जाताना आजही लागते. त्या तुकडीत ॲनी माँडर होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्या गणिताच्या कामावर होत्या, पण लग्न झाल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तळणीला त्यांनी दीड इंची भिंगाचा स्वतःचा कॅमेरा लावला आणि सूर्याच्या प्रभामंडलातून निघून फार दूरवर गेलेला एक लांबलचक किरणशलाकेचा पट्टा टिपला. तेवढा लांब पट्टा त्याआधी कोणाच्या छायाचित्रात आला नव्हता. मोठ्या वेधशाळांच्या तुकड्याही त्या दिवशी याच ग्रहणपट्ट्यात होत्या, पुलगावलाही होती. अंधुक गोष्ट मोठ्या भिंगालाच दिसते असे नाही. कधी रुंद क्षेत्र, योग्य वेळ आणि सराव झालेला हात पुरतो, हे वऱ्हाडच्या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वी दिसून गेले आहे. तळणीच्या फलाटावर याची एखादी पाटी असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

नागपुरात गांधीसागरासमोरच्या रामन विज्ञान केंद्रात शाळेची मुले तारांगण पाहायला येतात. ज्यांचे नाव त्या इमारतीला आहे ते सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून याच शहरात राहिले होते. पदार्थविज्ञान हे तेव्हा त्यांचे कचेरीबाहेरचे काम होते. मुलांना हे जरूर सांगावे. नोकरी करून, कॉलेज सांभाळून, दुकान बंद केल्यावर रात्री दुर्बिणीशी बसणारे लोक आजही या शहरात आहेत आणि हे पुस्तक मुख्यतः त्यांच्या हाती पडावे अशी इच्छा आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते इथे थोडे जवळून दाखवतो, कारण खरी गोडी तिथे आहे. फोनवर सूचना येते: वेळ, विषुवांश, क्रांती आणि जागेतली अनिश्चितता. स्विफ्टची पहिली जागा तीन-एक कलांच्या वर्तुळात असते आणि क्ष-किरण दुर्बिणीने पाहिल्यावर ती काही विकलांवर येते. आठ इंची दुर्बीण तिकडे वळवायची. डोळा लावायचा नाही, कॅमेरा लावायचा. एक-एक मिनिटाच्या प्रतिमा घेत राहायच्या आणि दर थोड्या वेळाने दुर्बीण केसभर सरकवायची. एका प्रतिमेत बहुधा काहीच नसते, नुसती करडी वाळू. तीस प्रतिमा तारे जुळवून एकमेकींवर ठेवल्या की वाळू शांत होते आणि १७ व्या प्रतीचे तारे वर येतात. मग त्याच भागाचे जुने छायाचित्र, पालोमारच्या आकाश-सर्वेक्षणातले, शेजारी उघडायचे आणि तारा ताऱ्याशी ताडत जायचे. इथे तीन ताऱ्यांचा त्रिकोण, तिथेही आहे. इथे जोडी, तिथेही जोडी. आणि मग इथे एक ठिपका, तीन-चार पिक्सेल रुंदीचा, फिकट, कडा विरघळलेल्या, आणि तिथे रिकामे आकाश.

या ठिकाणी हात थरथरतो, आणि नेमके इथेच थांबून शंका घ्यायची असते. दुर्बीण सरकवली तेव्हा ठिपका ताऱ्यांबरोबर सरकला का? सरकला नसेल तर तो कॅमेऱ्याचा तापलेला पिक्सेल आहे. पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा प्रतिमा वेगळ्या रचल्या तर जागा तीच राहते का? हलली असेल तर लघुग्रह. जागा तीच आणि तेज उतरलेले असेल तर बरे लक्षण. मग जवळच्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत काढायची आणि चूक किती असू शकते तेही काढायचे. नोंदीत प्रतिमांच्या मध्याची जागतिक वेळ, एकूण उघडीप, फिल्टर आणि तुलनेचे तारे कोणत्या यादीतले, हे सगळे लागते. प्रत सांगितली आणि फिल्टर सांगितला नाही तर ती नोंद कोणाच्या उपयोगाची नाही.

बहुतेक रात्री ठिपका सापडत नाही. नवख्याला याचे वाईट वाटते आणि तो नोंद न करता दुर्बीण झाकून झोपायला जातो. असे करू नये, हे या पुस्तकात ठिकठिकाणी सांगितलेले आढळेल. अमुक वेळी, अमुक जागी, १७.५ प्रतीपर्यंत काही नव्हते, हेसुद्धा मोजमाप आहे. काही स्फोटांची उत्तरदीप्ती धुळीआड दडलेली असते, काही इतके दूर असतात की त्यांचा दृश्य प्रकाश वाटेतल्या हायड्रोजनने गिळलेला असतो. यांतले काय खरे ते ठरवताना तुमच्या ‘काही नव्हते’ या नोंदीला वजन असते. शास्त्रज्ञ त्याला मर्यादा म्हणून आलेखात खाली वळलेल्या बाणाने दाखवतात. अशा बाणांशिवाय आलेख अर्धवट राहतो.

आता नागपूरच्या आकाशाबद्दल खरे तेच सांगितले पाहिजे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काही मिळत नाही आणि त्या काळात जवळजवळ सगळा देशच ढगाखाली असतो. एप्रिल-मे मध्ये आकाश उघडे असते, पण दिवसा पंचेचाळीसला गेलेला पारा रात्री बारालाही तिशीच्या खाली उतरायला तयार नसतो आणि कॅमेऱ्यातली वाळू उष्णतेने वाढते. शीतक नसलेल्या कॅमेऱ्याने उन्हाळ्यात काम करायचे असेल तर झाकण लावून घेतलेल्या काळ्या प्रतिमा त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्याव्या लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तीन-चार प्रतींचेच तारे उरले असले तरी कॅमेरा त्या उजेडातूनही अंधुक तारे बाहेर काढतो. ज्यांना काळे आकाशच हवे त्यांच्यासाठी पेंच आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तो मिळवणारे ते देशातले पहिले ठिकाण. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर रस्त्याचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवण्यात आला. या चार गावांनी आपल्या रात्रीच्या उजेडाला जो आवर घातला तो नागपूरच्या निरीक्षकांवरचा मोठा उपकार आहे.

मोठी यंत्रे आपल्या देशात आता आहेत आणि त्यांच्यामुळे गच्चीवरच्या दुर्बिणीचे काम संपेल असे कोणाला वाटू शकते. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाला ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, ते सुरू झाले त्याच दिवशी, पहिला स्फोट सापडला. पुढे त्याने शेकडो स्फोट पकडले. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंमीची ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखमधल्या हानले इथे २०१८ पासून आहे आणि सूचना आली की आपणहून वळते. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. पण हानलेला बर्फ पडत असेल, गिरवलीला ढग असतील, एखादी दुर्बीण दुसऱ्या कामात गुंतलेली असेल, तर त्या तासाचे काय? पूर्वेला जपान-चीन आणि पश्चिमेला युरोप-आफ्रिका यांच्या मधल्या या पट्ट्यात आकाशाकडे उघडी असलेली प्रत्येक जागा हिशेबात धरावी लागते.

१७ ऑगस्ट २०१७ चे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी संध्याकाळी ६.११ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याच्या गुरुत्वीय लहरी आल्या आणि पावणेदोन सेकंदांनी आखूड गॅमा स्फोट. गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश एकाच घटनेतून मिळण्याची ती पहिली वेळ. अंतर फक्त १३ कोटी प्रकाशवर्षे. वासुकी तारकासमूहातली ती दीर्घिका त्या घटकेला नागपूरच्या पश्चिम आकाशात होती. पण जागेचा उपयोगी नकाशा निघायला पाच तासांहून अधिक वेळ गेला आणि तोवर ती दीर्घिका आपल्याकडे मावळली होती. पहिला दृश्य प्रकाश अकरा-एक तासांनी चिलीत सापडला. त्याआधीचा काळ आलेखात कोरा आहे आणि कोराच राहणार. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पृथ्वीच्या या बाजूला असा शोधक असला की लहरींची दिशा पुष्कळ नेमकी काढता येते. विदर्भाच्या वेशीवरून निघालेल्या सूचना विदर्भातल्याच दुर्बिणींना वळवतील, असे दिवस दूर नाहीत. तोवर निरीक्षकांची एक पिढी तयार व्हायला हवी, आणि ती उत्तरदीप्तीवर हात बसवूनच तयार होईल.

पुढच्या पानांचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे. वाचकाने निदान पहिली दोन प्रकरणे सोडू नयेत. त्यांत दुर्बीण नाही, स्फोट नाही. पहिल्यात कॅमेऱ्याचे आणि संगणकाचे घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर कसे लावायचे, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ कशी लिहायची आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख का पडते, एवढेच आहे. दुसऱ्यात प्रत कशी बदलते हे माहीत असलेला एखादा चंचल तारा महिनाभर मोजून आपली चूक किती येते ते काढायचे आहे. ती चूक दशांश प्रतीच्या आत आली की फोनवर सूचना सुरू कराव्यात.